प्रोप्रायटर

वस्तू बंद पडण्याचंसुद्धा एक पंचांग असतं. फ्रिज मे महिन्यात बंद पडतो, छत्री पावसाच्या पहिल्या सरीला मोडते, मिक्सर पुरणाच्या दिवशी संपावर जातो. आणि जिची वॉरंटी तीन वर्षांची, ती वस्तू तीन वर्षं आणि तीन आठवड्यांनी जाते. हे वरचे तीन आठवडे कंपनी आपल्याला निव्वळ प्रेमापोटी देत असावी.

आमच्या चिरंजीवांचा कॉम्प्युटर या नियमाला धरूनच गेला. साधासुधा कॉम्प्युटर नव्हे, 'गेमिंग डेस्कटॉप'! अर्थात घेताना तो अभ्यासासाठी घेतला होता. किंमत पंच्याऐंशी हजार, हप्ते बारा. एका बाजूला काच आणि आत लाल-निळे-हिरवे दिवे. आम्ही राहतो लालबागला. आमच्याकडे दिव्यांची रोषणाई भाद्रपदात दहा दिवस असते. चिरंजीवांच्या टेबलावर ती बारमाही असे. त्या काचेत बघून हिनं एकदा केसही विंचरले होते.

एका रात्री 'फट्' असा आवाज झाला, दिवे गेले आणि जळक्या वासात चिरंजीव म्हणाले, "बाबा, पीएसयू उडाला."

मी बँकेतला माणूस. पीएसयू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सरकारी उपक्रम येतो. म्हटलं, "कुठला? शेअर आहेत का आपले त्यात?" तेव्हा कळलं की हा पीएसयू म्हणजे पॉवर सप्लाय युनिट. कॉम्प्युटरच्या पोटात पत्र्याची एक पेटी असते. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उसळती वीज ती आत घेते आणि १२ व्होल्टची सरळमार्गी वीज करून पुढे देते. थोडक्यात, घरात सासऱ्यांचा आवाज सुनेपर्यंत सौम्य करून पोचवणारी जी सासू असते, ती.

"मग दुसरा आणू," मी म्हणालो. बल्ब गेला की बल्ब आणतो, तसं.

चिरंजीवांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "तसा नाही मिळत बाबा. हा प्रोप्रायटरी आहे."

आता मी कॉमर्सचा पदवीधर. 'प्रोप्रायटर' हा शब्द मला न शिकवता येतो. काउंटरवर रोज दहा प्रोप्रायटर येतात. एकट्या मालकाचं दुकान असतं, चालू खातं असतं, आणि 'अमुक ट्रेडर्सकरिता, प्रोप्रायटर' असा रबरी शिक्का मारून तो सही करतो. शिक्का घरी विसरला की मी त्याला परत पाठवतो. पण एक वस्तू पैसे मोजून आपण घ्यावी, हप्ते आपण भरावे, आणि प्रोप्रायटर मात्र दुसराच निघावा, हा हिशेब माझ्या कुठल्याही खतावणीत बसेना.

चिरंजीवांनी समजावून सांगितलं. जगातल्या बहुतेक डेस्कटॉपसाठी एटीएक्स नावाचा एक नमुना आहे. इंटेलनं तो १९९५ साली आणला. पेटीची लांबी-रुंदी ठरलेली, स्क्रूची भोकं ठरलेली, मदरबोर्डला जाणारा प्लग ठरलेला. आधी त्याला वीस पिना होत्या, मग चोवीस झाल्या. कुठल्याही कंपनीची पेटी कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरात बसते. आमच्या कंपनीनं मात्र पेटी आखूड केली, स्क्रूची भोकं सरकवली आणि चोवीसऐवजी सहाच पिनांचा स्वतःचा प्लग काढला. लग्न जमवताना छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी आपण अक्षता टाकतो. इथे सहाच गुण, पण स्थळ आमच्याच घरातलं हवं, अशी अट!

मी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. पंचवीस मिनिटं सतार ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "सर, तो पार्ट एंड ऑफ लाइफ आहे." मी घाबरून "कुणाच्या?" असं विचारलं. पार्टच्याच, असं कळलं. मागवावा लागेल, सहा ते आठ आठवडे लागतील, अकरा हजार आठशे रुपये आगाऊ भरावे लागतील, आणि येईलच अशी खात्री नाही. इतक्या प्रामाणिक अटींवर आमची बँकसुद्धा कर्ज देत नाही. मी नुसती नोंद करायला सांगितली, पैसे भरले नाहीत.

चिरंजीवांचा अॅनिमेशनचा प्रोजेक्ट आठ दिवसांवर आला होता. तो जेवला नाही. ही मला म्हणाली, "काहीतरी करा." बायकोच्या तोंडी 'काहीतरी करा' आलं की ते आपल्याला जमणार नाही याची तिला पूर्ण कल्पना असते.

या सगळ्या गडबडीत अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसून होते. अण्णा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर. गिरणीत साचाखात्यात फिटर होते. लँकेशायरच्या साच्याचा दात मोडला तर विलायतेहून पत्र येईपर्यंत साचा उभा ठेवायचा नाही, वर्कशॉपात तो दात घडवून बसवायचा, हा त्यांचा धर्म. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीरच केलं नाही, असं गिरणगावात अजून म्हणतात. मी तेव्हा तीन वर्षांचा. पगार बंद झाला आणि अण्णांनी याच गॅलरीत पाट मांडला. चाळीतल्या इस्त्र्या, स्टोव्ह, रेडिओ, पंखे त्यांच्यासमोर रांग लावून बसत. कुणी रुपया देई, कुणी शेरभर तांदूळ. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असे. म्हणजे आमच्या घरानं त्या वर्षी जे अन्न खाल्लं, ते इतरांच्या वस्तू उघडत होत्या म्हणून खाल्लं.

अलीकडे मात्र अण्णांनी हात लावणं सोडलं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी चिरंजीवांचे बिनतारी इअरफोन बिघडले. अण्णांनी ते हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवले आणि विचारलं, "याला पेच कुठे आहे?" पेच नव्हता. सगळं डिंक लावून बंद केलेलं. त्यांनी इअरफोन हळूच टेबलावर ठेवले. तेव्हापासून घरात काही बिघडलं की ते पेपर तोंडासमोर धरायचे.

त्या रात्री मात्र पेपर खाली आला. "त्या पेटीला पेच आहे का?" अण्णांनी विचारलं.

"चार आहेत आजोबा."

"मग काढ. आधी वायर भिंतीतून उपट. पण पेटी उघडायची नाही. बंद केली तरी तिच्या पोटात वीज मुरलेली असते."

चिरंजीव चकित झाले. ती गोष्ट खरी आहे. त्या पेटीतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो. अण्णांनी भिंग घेऊन पेटीवरचं लेबल वाचलं. मग माझ्याच बँकेच्या स्लिपच्या पाठीवर सहा चौकोन काढले आणि कुठल्या भोकात कुठल्या रंगाची वायर जाते ते लिहून घेतलं. जांभळ्या वायरीला दोनदा अधोरेखित केलं.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी. आम्ही तीन पिढ्या बसनं लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटीवर तेच आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून काही उतरत नाही. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर ही विजेची पंढरी आहे. दुकानाची रुंदी दोन माणसांची, आणि आत माल दोन ट्रकांचा.

पहिल्या दुकानदारानं पेटीकडे नुसतं पाहिलं. "काका, ये कंपनीवाला है. इसका कुछ नहीं होगा." दुसऱ्यानं पाहायचेही कष्ट घेतले नाहीत. तिसरा म्हणाला, "नवा कॉम्प्युटर घेऊन टाका." चौथा मात्र मराठी बोलणारा आणि रिकामा होता. तो म्हणाला, "साधी साडेपाचशे वॅटची एटीएक्स घ्या. चोवीसची सहा करणारी वायर देतो." पेटी चार हजार दोनशे, वायर साडेतीनशे. पेट्यांनाही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे दर्जे असतात. आम्ही ब्राँझ घेतलं. आमच्या घराण्यात त्यावर कुणी गेलेलं नाही.

मी पाकीट काढलं. अण्णा म्हणाले, "थांब. चालू करून दाखवा."

कॉम्प्युटर नसताना पेटी चालू करायची तर चोवीसच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडावी लागते. दुकानदार तारेचा तुकडा शोधू लागला. तेव्हा मी शर्टाच्या खिशातून जेम क्लिप काढून दिली. वीस वर्षं बँकेत काढली, पण माझ्याजवळच्या वस्तूमुळे एखादं काम इतक्या लगेच झाल्याचं मला आठवत नाही. पंखा फिरला. अण्णांनी पिशवीतून जुना मल्टीमीटर काढला, नवी वायर जोडायला सांगितली आणि स्लिप बघत एकेका भोकात काडी घातली. पिवळी, बारा. दुसरी पिवळी, बारा. जांभळी...

"पाच येतायत," अण्णा म्हणाले. "बारा हवेत."

दुकानदार म्हणाला, "काका, प्लग बसतोय ना?"

"प्लग बसतो हो. पण कॉम्प्युटर बसेल त्याचं काय?"

जांभळी वायर म्हणजे रात्रपाळीचा वॉचमन. कॉम्प्युटर बंद असतानाही ती जागी असते, आणि तिच्या जोरावरच बटण दाबलं की सगळं खातं उठतं. साध्या पेटीत ही झोपेतली वीज ५ व्होल्टची असते, आमच्या कंपनीच्या पेटीत १२ व्होल्टची. त्या साडेतीनशेच्या वायरीवर कॉम्प्युटर उठलाच नसता, आणि दोष आम्ही पुन्हा मदरबोर्डला दिला असता. दुकानदारानं अण्णांकडे नीट पाहिलं, पोऱ्याला मागच्या गल्लीत पिटाळलं आणि दुसरी वायर मागवली. तिच्या मधोमध पाचाचे बारा करणारं चिमुकलं सर्किट होतं. साडेसहाशे रुपये. अण्णांनी पुन्हा काडी घातली. बारा. मग दुकानदारानं अण्णांसाठी स्टूल आणि चहा मागवला. आम्हाला फक्त चहा.

परतताना बसमध्ये चिरंजीव सांगत होते आणि अण्णा ऐकत होते. कंपनीचं सगळंच काही चूक नाही, म्हणे. सगळीकडे १२ व्होल्टच पाठवायचे, बाकीचे मदरबोर्डनं करून घ्यायचे, यात पेटी सोपी होते. पुढे इंटेलनं हीच युक्ती दहा पिनांचा प्लग ठरवून सगळ्यांसाठी खुली केली. खोड युक्तीत नाही, प्लगवर कुंपण घालण्यात आहे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना एकाच प्रकारचं चार्जिंगचं भोक ठेवावं लागतं. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल उघडलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या घेतल्या.

अण्णा म्हणाले, "बेस्टनं कधी विचारलं का, पंखा कुणाचा म्हणून? वीज सोडली, संपलं." या विषयावर समितीचा अहवाल मी वाचलेला नाही, पण याहून थोडक्यात नसावा.

घरी आल्यावर नवी पेटी अर्थातच आत मावेना. ती कॉम्प्युटरच्या शेजारी पाटावर ठेवली. तोच पाट, १९८२ चा. वायरी मागच्या फटीतून आत गेल्या. चिरंजीवांनी बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. त्या क्षणात मी हप्ते मोजले, हिनं देव मोजले. मग लाल-निळे-हिरवे दिवे लागले आणि चिरंजीवांनी आजोबांना मिठी मारली. अण्णा म्हणाले, "अरे, वायर ओढली जाईल!"

प्रोजेक्ट वेळेवर गेला. सात आठवड्यांनी त्याच गोड आवाजाचा फोन आला, "सर, आपका पार्ट आ गया है." मी म्हटलं, "ठेवून द्या, तुमच्याच उपयोगाला येईल."

जुनी पेटी अण्णांनी फेकू दिली नाही. महिनाभर पोटमाळ्यावर तिला उपास घडवला, मग मल्टीमीटर लावून वीज उतरल्याची खात्री केली आणि तिचा पंखा काढला. तो १२ व्होल्टचा. पडून असलेल्या जुन्या राउटरच्या अॅडॅप्टरवर तो आता गॅलरीत फिरतो आणि खाली अण्णा पेपर वाचतात. कंपनीला हे कळलं तर ती वाऱ्याचेही पैसे लावील.

परवा रात्री चिरंजीव तिथे गेले. हातात ते जुने बिनतारी इअरफोन होते. "आजोबा, याला पेच नाहीये."

अण्णांनी पेपर खाली ठेवला, चष्मा वर केला. "बघू. ब्लेड आण."

मी काही न बोलता उठलो आणि टॉर्च घेऊन आलो.