उसनी भांडी आणि आठ बाइट

मी नक्की काय काम करतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आई लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगते, आणि मावशीला तर मी प्रिंटर दुरुस्त करतो असंच वाटतं. पण परवा ऑफिसात जे झालं ते सगळ्यांना सांगावंसं वाटतंय. थोडं तांत्रिक आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी कंपायलरवर काम करतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये उतरवायचा, हे कंपायलरचं काम. त्यातलं शेवटचं टोक, म्हणजे बॅकएंड, माझ्याकडे. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावताना पाळायच्या काही रीती ठरलेल्या असतात, त्यांना कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात. ६४ बिटी इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्स असेल तर पहिल्या सहा पूर्णांकांसाठी सहा रजिस्टरं, सुरुवात आरडीआयपासून. तोच प्रोसेसर विंडोजवर असला की चारच, आणि सुरुवात आरसीएक्सपासून. घर तेच, पण भाडेकरू बदलला की रीत बदलते!

आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरं मात्र शेजारच्यांच्या भांड्यांसारखी. आमच्या चाळीत प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. खुशाल वापरा, पण नेलं तसं परत करा. म्हणून फंक्शन आधी त्यांच्यातला ऐवज स्टॅकवर काढून ठेवतं आणि जाताना परत भरतं. आणखी एक नियम असा, की दुसऱ्याला बोलावताना स्टॅकचा पत्ता १६ च्या पटीत हवा.

तर झालं असं, की टीममधल्या एका मुलीने रजिस्टर वाटपाचा भाग नव्याने लिहिला. काम सुरेख होतं. जुना भाग लागो न लागो, अशी दोन रजिस्टरं कायम काढून ठेवायचा. तिचा भाग लागतील तेवढीच काढायचा. दुसऱ्या दिवशी काही चाचण्या कोसळू लागल्या. त्याही चमत्कारिक. पूर्णांक छापला तर ठीक, दशांश संख्या छापायला गेलं की प्रिंटएफच्या पोटात जाऊन प्रोग्रॅम मरायचा. बग शोधायला मध्ये एक ओळ वाढवली की बग गायब!

मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "तुझा बदल येण्याआधी सगळं चालत होतं." वाक्य अगदी खरं होतं. ती काही बोलली नाही. तिने बदल मागे घेतला आणि दोन दिवस स्वतःचाच कोड तपासत बसली.

शुक्रवारी संध्याकाळी मी डीबगर उघडला. प्रोग्रॅम मूव्हएपीएस नावाच्या सूचनेवर मेला होता. ही एका दमात १६ बाइट उचलते किंवा ठेवते, पण पत्ता १६ च्या पटीतच लागतो. इथे पत्त्याचा शेवटचा अंक होता ८. दशांश संख्या दिल्या तरच प्रिंटएफ या वाटेला जातं, म्हणून पूर्णांक सुखरूप सुटत होते. मग आमच्या फंक्शनची सुरुवात पाहिली. परतीचा पत्ता ८ बाइट, आरबीपी ८ बाइट, मिळून १६. त्यापुढे काढून ठेवलेलं रजिस्टर एकच, म्हणजे आणखी ८. दोन असती तर हिशेब आपोआप जुळला असता. जास्तीच्या ओळीने बग का पळायचा तेही कळलं, त्या ओळीमुळे दुसरं रजिस्टर लागत होतं!

हा फरक भरून काढणं जागा मोजणाऱ्या कोडचं काम. तो कोड काढून ठेवलेली रजिस्टरं मोजतच नव्हता. जुना भाग कायम जोडी काढायचा, त्यामुळे इतकी वर्षं निभावलं. ती ओळ कुणी लिहिली ते शोधलं. सहा वर्षांपूर्वी, मीच.

दुरुस्ती तीन ओळींची झाली. सोबत अशी रजिस्टरं शून्यापासून पाचापर्यंत वाढवत दशांश संख्या छापणाऱ्या सहा चाचण्या लिहिल्या. तिला सोमवारी बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं.

रविवारी आईचा फोन आला. भांड्यांची उपमा देऊन तिला सगळं सांगितलं. रजिस्टर तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "तिला बोललास ते सगळ्यांसमोर ना? मग हे बाजूला घेऊन कशाला?"

सोमवारी मीटिंगमध्ये सांगितलं. चूक माझी, ओळ माझी, आणि मी न तपासता बोललो. घसा जरा कोरडा पडला होता. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग माझा बदल आज परत घालू ना?"

म्हटलं, घाल.