दळणाचा हिशेब आणि समचलन

आठवीच्या गणितात ‘चलन’ नावाचा धडा आहे. माझी पुतणी उदाहरण वाचलं की थेट तिरका गुणाकार करून मोकळी होते. उत्तर येतं, पण शब्द जरा फिरवले की अडते. मग ठरलेलं वाक्य, “काकू, मला गणित जमतच नाही. दहावीनंतर सोडणार.” मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागतं.

मी तिला आधी स्थिरांक शोधायला लावते. 3 किलो दळणाचे 24 रुपये, तर 24 भागिले 3, म्हणजे क = 8. हा आठ कोण? किलोमागचा दर! तो हाती आला की 7 किलोचे 56 रुपये, आणि 40 रुपयांत 5 किलो. तिरक्या गुणाकारात हा आठ दिसतच नाही, तिथेच घोळ होतो.

पण मुळात हे समचलन आहे का? दळण नाही तर पैसे नाहीत, ठीक. विजेचं बिल मात्र बघा! एकही युनिट जाळलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. ते समचलन नव्हे.

पोळीचं तर तिला खरंच वाटेना. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की कणीक चौपट लागते. चार गोळे एकत्र करून लाटून दाखवलं. तव्यावर मावेना, ते सोडा.

परातीकडे बघत तिनेच विचारलं, “मग इथे क काढताना त्रिज्येच्या वर्गाने भागायचं ना?”