पर्वतीच्या १०३ पायऱ्या

पुण्यातल्या पर्वतीला १०३ दगडी पायऱ्या आहेत. मागच्या वर्षी विसाव्या पायरीवरच कमरेपासून पोटरीपर्यंत कळ गेली आणि मी खाली बसले. सत्तरीची आजी मात्र देवदेवेश्वराचं दर्शन घेऊन आली!

दुखणं सायटिकाचं. कमरेतून पायात जाणारी नस दबली की कळ थेट पायात उतरते. नुसता आराम करून मी आणखीच आखडले. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ब्रिज, स्क्वॉट आणि हळूहळू वजन उचलणं सुरू केलं. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. फार वेळ बसलं की अजूनही आठवण करून देतं.

पण परवा शेवटची पायरी गाठली. वरून सगळं पुणं दिसत होतं. आजी म्हणाली, "उतरताना माझी पिशवी तू घे गं."