छर्रे घेताना

लेक नववीत आहे. गेल्या वर्षापासून एअर रायफलच्या क्लासला जाते. परवा तिचे छर्रे संपले म्हणून ऑफिस सुटल्यावर मीच दुकानात गेलो. आमचा जन्म फायली उपसण्यात गेला, आम्हाला काय कळणार? टोकदार छर्ऱ्यांचा डबा उचलला. टोक असलं की नेम चांगला लागणार, हा माझा हिशेब!

लेकीने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, हे नव्हेत रे! चपट्या तोंडाचे हवेत."

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांनी माझीच शिकवणी घेतली. १० मीटरच्या स्पर्धेत छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि निशाणावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. चपटं तोंड कागदाला आमच्या ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतं, म्हणून गुण मोजताना घोळ होत नाही. टोकदार छर्रा कागद फाडतो. छर्ऱ्याची मागची बाजू पोकळ असते. हवेच्या दाबाने ती नळीला घट्ट बसते. तीच चेपलेली असली तर हवा निसटते आणि नेम चुकतो. एकाच कंपनीचे दोन डबेसुद्धा सारखे निघतीलच असं नाही. म्हणून रायफल टेकवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे मारून बघायचे. ज्याची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतील, तो आपला. आणि हे शिसं, तेव्हा हाताळल्यावर हात धुवायचेच.

उघडलेला डबा दुकानदार परत घेईना. मेहुणा म्हणाला, "मला दे. कुळागरात पाखरं फार झालीत."

मी नाही म्हटलं. कारण त्याला सांगितलं नाही, रात्री लेकीला सांगितलं. बारा वर्षांचा असताना मामाच्या एअरगनने मी पेरूच्या झाडावरचा बुलबुल पाडला होता. तो लगेच मेला नाही. आई त्याच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडत बसली. मला एका शब्दाने बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते छर्रे टोकदार होते?"

होते. दुकानात माझा हात आपसूक कुठे गेला, ते मला तेव्हा कळलं.