जिवंत कोंबड्यांचा पंचनामा

नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं सरकारनं १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर केलं. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग अधिकृतपणे सापडण्याची ती पहिलीच वेळ. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि तीन किलोमीटरच्या टापूतला एकही पक्षी जिवंत ठेवायचा नाही असा हुकूम निघाला. मारायला गेलेल्या तुकड्यांमध्ये मी पशुवैद्य म्हणून होतो. लोक अजून विचारतात ते पांढऱ्या किटबद्दल, टॅमीफ्लूच्या गोळ्यांबद्दल, चुना टाकलेल्या खड्ड्यांबद्दल. माझ्या डोक्यात राहिली आहेत ती शेडच्या दारातली बोलणी. कोंबडीची मान मोडणं अर्ध्या तासात कुणालाही शिकवता येतं. तिच्या मालकाला बाजूला उभं राहायला राजी करणं मला आजही पूर्ण येतं असं वाटत नाही, इतकं ते काम कठीण आहे.

पोल्ट्रीवाल्यांचं म्हणणं होतं, हा राणीखेत आहे. धंद्यातली मोठी माणसंही तेच बोलत होती. त्या म्हणण्यात नुसता हट्ट नव्हता. राणीखेत आणि बर्ड फ्लू बाहेरून बघून सांगता येत नाहीत. दोन्हींत पक्षी मलूल होतात आणि पटापट मरतात. शिवाय बर्ड फ्लू म्हटल्याबरोबर देशभर चिकनचे भाव पडले होते. अशा वेळी दारात उभं राहून रोगाच्या नावावर वाद घातला की एक जिंकतो, एक हरतो, आणि हरलेला माणूस कुलपाची किल्ली देत नाही. म्हणून मी ठरवलं होतं की रोगावर बोलायचं नाही. ‘अहवाल ना तुमच्या हातात, ना माझ्या. मोजणी मात्र आपल्या दोघांच्या हातात आहे. ती बरोबर करू,’ एवढंच म्हणायचो. फिशर आणि युरी यांचं ‘गेटिंग टू येस’ मी पुढे कधीतरी वाचलं. माणूस तोंडानं मागतो ते आणि त्याला खरोखर हवं असतं ते, यातला फरक त्यांनी १९८१ सालीच मांडला होता. नवापुरात तो मला बँकेच्या हप्त्यानं आणि खाद्यवाल्याच्या उधारीनं शिकवला. ‘मारू नका’ म्हणणाऱ्या माणसाला पुढची बॅच टाकायला पैसा हवा होता.

मोजणीची आमची पद्धत अशी. लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा असतात. एका पिंजऱ्यात किती, एका रांगेत किती पिंजरे, रिकामे किती, हे मालकाचाच माणूस मोठ्यानं म्हणत चालायचा आणि आमचा कर्मचारी मागोमाग लिहायचा. मग मरतुकीचं रजिस्टर आणि खाद्याचा हिशोब काढून आकडा ताडून बघायचा. आकडा अंकी आणि अक्षरी लिहून सही घ्यायची, आणि मगच पहिली मान मोडायची. घाई करणारे म्हणायचे, आधी मारू, खड्ड्यात टाकताना मोजू. मी ते कधी होऊ दिलं नाही. खड्ड्यावर घातलेला हिशोब कुणालाच पटत नाही आणि पुढची सगळी शेडं तोच किस्सा ऐकून दार लावून घेतात.

खरी परीक्षा वेगळीच होती. भरपाई मिळायची ती आम्ही मारलेल्या पक्ष्यांची. रोगानं आधीच मेलेल्यांचे पैसे नव्हते. एका मालकानं मला शेडच्या मागं नेलं. पोत्यांत भरलेल्या, आदल्या रात्रीच्या मेलेल्या कोंबड्या होत्या. ‘डॉक्टरसाहेब, एवढ्या जिवंत दाखवा. काल दुपारी आला असता तर जिवंतच होत्या ना?’ त्याचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं. त्याला लाच द्यायची नव्हती, मला घ्यायची नव्हती. होती ती फक्त दया. आणि दयेपोटी लिहिलेला खोटा आकडा हाच सगळ्यात मोहाचा असतो, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे. मी नाही म्हटलं. शेजारच्या शेडवाल्यानं तसा दबाव आणला नव्हता, त्याच्या मेलेल्या कोंबड्या मेलेल्याच लिहिल्या होत्या. त्याच्याशी ते बेइमानीचं झालं असतं. मात्र मरतूक वाढलेली शेडं सकाळी आधी घ्यायची, निरोगी दिसणारी नंतर, असा क्रम मी तुकडीप्रमुखांकडून त्याच संध्याकाळी ठरवून घेतला. जितकं लवकर पोचू तितके जिवंत पक्षी मोजले जातील. नियमाच्या आत राहून करता येण्यासारखं तेवढंच होतं.

पाड्यांवरची गोष्ट निराळी. तिथं पाच-दहा गावठी कोंबड्या, त्याही बाईच्या. पाहुणा आला, पोराला वही हवी, की त्यातलीच एक बाजारात जाते. त्यात महाशिवरात्र आठवड्यावर आलेली. देवमोगऱ्याच्या याहा मोगीच्या जत्रेला नवसाची कोंबडी न्यायची म्हणून कित्येक घरांनी राखून ठेवलेली. एका म्हातारीनं खुडूक कोंबडीवरची टोपली उचलूच दिली नाही. ‘ही माझी नाही, देवीची आहे,’ म्हणाली. पाड्याचा कारभारी मध्ये बोलू लागला, तेव्हा मीच त्याला थांबवलं. कारण त्यानं हुकूम केला असता तर तिनं ऐकलं असतं, आणि रात्रीतून पाड्यावरच्या बाकीच्या कोंबड्या सोयऱ्यांच्या गावी गेल्या असत्या. रोगही त्यांच्याबरोबर गेला असता. मी ओट्यावर बसलो. तिनं नातवाबद्दल विचारलं, ताप येतो का या रोगानं? येऊ शकतो, म्हटलं, तिकडे परदेशात माणसं मेली आहेत. इथल्या माणसांचे नमुने तपासायला गेले आहेत, अजून काही कळलेलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं स्वतः टोपली उचलली. देवीला काय सांगायचं ते ती सांगेल, म्हणाली. नवापूरच्या माणसांचे नमुने पुढे निर्दोष निघाले.

वरच्या एका साहेबांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, पैसे कधी मिळणार असं विचारलं तर ‘लगेच’ म्हणा, काम लवकर उरकतं. मी ‘मला तारीख माहीत नाही, पण पंचनाम्याची प्रत आत्ता तुमच्या हातात देतो’ असं म्हणायचो. काम थोडं सावकाश व्हायचं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागत नव्हती. पलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही हेच चाललेलं. नवापूरच्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, सकाळचा शब्द संध्याकाळपर्यंत पलीकडे पोचतो. एकीकडे खोटं बोलून दुसरीकडे निभावून नेणं इथं जमतच नाही.

हाँगकाँगनं १९९७ मध्ये तेरा लाखांच्या आसपास पक्षी मारले, तेव्हापासून जगभर या कामाचे नियम लिहिले गेले. सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : मालकानं स्वतःहून कळवलं तरच रोग वेळेत सापडतो. मग मालकाला कळवणं परवडलं पाहिजे. मेलेल्याचे पैसे नाहीत या नियमामागचा हेतू मला मान्य आहे. लवकर कळवा, जिवंत असतानाच मोजून घ्या, असा तो हेतू. पण मालकानं फोन केल्यापासून भोपाळचा अहवाल येऊन तुकडी दारात पोचेपर्यंत जे पक्षी मरतात, त्यांचा भुर्दंड त्यानंच का सोसायचा? उशीर तर त्याचा नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात रोग पुन्हा आला. दर वाढले होते, मोठ्या लेयरला ९० रुपये, ब्रॉयलरला ७०, अंड्यालाही तीन. हा प्रश्न मात्र जागच्या जागी होता. मालकानं लेखी कळवल्याची वेळ नोंदवून घ्यावी, आणि त्या वेळेनंतर मेलेला प्रत्येक पक्षी मरतुकीचं रजिस्टर बघून भरपाईत धरावा, एवढी एक ओळ नियमात घाला, असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत आलो आहे, आणि यापुढेही सांगणार आहे.