दातवाल्याला कपाटात कोंडलं, त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या बालविभागातलं एक पुस्तक मी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तक्रार आली, वाद नको म्हणून मीच ठेवलं. तेव्हापासून मन खातंय. पोस्ट मोठी आहे, पण घरात लहान मूल असेल तर वाचाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात मी दर रविवारी सकाळी गोष्टीचा तास घेते. मुलं तीन ते सहा वर्षांची. पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, मी मालवणीत सांगते.

कपाटात गेलेलं पुस्तक म्हणजे मॉरिस सेंडॅक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्सला आई उपाशीच झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत जंगल उगवतं. होडीत बसून तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो, नजरेला नजर देऊन त्यांना गप्प करतो, त्यांचा राजा होतो. मग घरची आठवण येते आणि परत येतो. खोलीत जेवण ठेवलेलं असतं, गरम गरम.

चित्रं गोडगोड नाहीत. सुळे, नख्या, पिवळे डोळे, मळकट रात्रीचे रंग. एका आईने कार्यवाहांना सांगितलं, “मुलगा रात्री दचकून उठला. असली भुतांची पुस्तकं कशाला ठेवता?” कार्यकारी मंडळातले एक काका म्हणाले, “बाई, लहान मुलांना कसं छान, रंगीत, संस्कारक्षम द्यावं. ससे, फुलपाखरं.” मी मान डोलावली आणि किल्ली फिरवली.

पुढच्या रविवारी पावणेपाच वर्षांची एक मुलगी खालचा कप्पा उलथापालथा करत होती. “बाई, दातवालो खंय गेलो?”

ही मुलगी आजीजवळ राहते. आईवडील दोघंही मुंबईला कामाला. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात येतात. तिने हे पुस्तक निदान दहा वेळा ऐकलंय. राक्षसांची पानं ती भराभर उलटते आणि शेवटच्या पानावर थांबते. एकदा मी विचारलं, मॅक्स परत का आला गो? ती म्हणाली, “आवशीन जेवाण दवरलेला, म्हणान.” पुस्तकात आई चित्रात कुठेच दिसत नाही. पण या मुलीला त्या ताटातच आई दिसत होती. आणि ते पुस्तक मी कुलपात घातलं होतं.

म्हणून मी जरा शांतपणे विचार केला. खरंच मुलांना अशी चित्रं आवडतात का, की आपल्यालाच हौस?

आपल्याकडचंच बघा. जत्रेत दशावताराच्या सुरुवातीला संकासुर येतो. काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. चिल्लीपिल्ली किंचाळून आजीच्या पदराआड जातात. आणि मग? पदराच्या कडेने एक डोळा बाहेर येतोच. घरी नेतो म्हटलं तर रडतात. आपल्या शेजारच्या पिंगुळीत चित्रकथीच्या पोथ्यांमधून रामायण-महाभारत सांगितलं जायचं. त्यातले बटबटीत डोळ्यांचे राक्षस पाहून कोणाचं बालपण वाया गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. माझ्या पिढीने तर ‘चांदोबा’तला वेताळ पाहिलाय. स्मशान, हातात तलवार घेतलेला विक्रम, खांद्यावर प्रेत! अंक हातात पडला की पहिलं तेच पान उघडायचो आम्ही.

ते चित्र काढणारे चित्रकार शंकर आणि पिंगुळीची कला जपणारे परशुराम गंगावणे, दोघांनाही पद्मश्री एकाच वर्षी जाहीर झाली, २०२१ साली. शंकर यांना मरणोत्तर. म्हणजे सरकार यांचा सन्मान करतं, आणि आम्ही मुलांच्या कप्प्यातून तसलीच चित्रं उचलून कपाटात ठेवतो.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. सेंडॅकचं पुस्तक अमेरिकेत १९६३ साली आलं, तेव्हा तिथेही मोठ्यांनी नाकं मुरडली. ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या नामवंत बालमानसतज्ज्ञाने १९६९ मध्ये एका महिला मासिकात त्यावर टीका केली. तीही पुस्तक न वाचता, आयांकडून ऐकून! मधल्या काळात, १९६४ सालीच, चित्रांसाठीचं मानाचं कॅल्डेकॉट पदक त्याला मिळून गेलं होतं. आणि ते राक्षस आले कुठून? सेंडॅक सांगायचे की लहानपणी घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या, वेड्यावाकड्या दातांच्या नातेवाइकांवरून. असे पाहुणे कोणाच्या घरी येत नाहीत, सांगा!

आता त्या दचकलेल्या मुलाबद्दल. त्याची आई खोटं बोलत नव्हती, आणि यात माझी चूक होती. त्या दिवशी मुलं जास्त आली म्हणून मी पुस्तकाचे फोटो काढून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दाखवले. आवाजही चढवला. या पुस्तकात सुरुवातीची चित्रं छोटी असतात. मॅक्स दूर जातो तशी ती वाढत जातात, दंगा शिगेला पोचतो तेव्हा शब्द नाहीतच, नुसती दोन पानभर पसरलेली चित्रं, आणि घरी येताना ती पुन्हा आवरती होतात. टीव्हीवर सगळंच अजस्र. शिवाय पुस्तक हातात असलं की मूल पान पटकन उलटू शकतं, मिटू शकतं. टीव्हीसमोर बसलेल्या चार वर्षांच्या पोराच्या हातात काय होतं? काहीच नाही.

मला वाटतं, खरा फरक इथे आहे. प्रश्न फक्त काळ्या रंगाचा किंवा सुळ्यांचा नाही. शेजारी कोण बसलंय आणि पान कोणाच्या हातात आहे, याचा आहे. प्रत्येक मुलाला हे पुस्तक आवडेल असं मी म्हणणार नाही. दोन-तीन मुलं ते बाजूला सारून हत्तीचं पुस्तक घेतात. घेऊ देत की! पण नको म्हणायचा हक्क त्या मुलाचा. त्याच्या नकारासाठी दुसरीचं पुस्तक कुलपात का?

मागच्या रविवारी मी कुलूप काढलं. दातवालो परत खालच्या कप्प्यात आहे. टीव्ही बंद. आता पाच-पाच मुलं घेऊन बसते, पानं त्यांनी उलटायची. त्या आईलाही भेटले, चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “मी शेजारी बसून बघते एकदा.” तेवढं पुरे आहे मला.

मंडळाची बैठक महिनाअखेरीस आहे. बालविभागाची पुस्तकं त्यात ठरतील. सभासद असाल तर या, आणि येण्याआधी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन एक तरी पुस्तक बघून या. नुसत्या मुखपृष्ठावरून मत नको.

आणि हो, लहानपणी कुठल्या चित्राला तुम्ही घाबरायचात, आणि तरी पुन्हा पुन्हा उघडून बघायचात? खाली नक्की लिहा. बैठकीत वाचून दाखवीन म्हणते.