डोहाच्या तळाशी

पाण्यात बुडालेला खजिना म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे अथांग समुद्र, फुटके गलबत आणि मोहरांनी भरलेल्या पेट्या उभ्या राहतात. आमच्या खानदेशाला समुद्र नाही. पण तापी आहे, पूर्णा आहे, गिरणा आणि पांझरा आहेत. आणि नदी आली की डोह आले, डोह आले की पाणबुडेही आले. बुडालेले धन शोधणारा पहिला माणूस मी पाहिला, तो अशाच एका डोहाच्या काठी.

जळगाव जिल्ह्यात चांगदेव या गावी तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. जवळच काळ्या दगडाचे प्राचीन मंदिर असून महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. आता हतनूर धरणाचे पाणी संगमापर्यंत पसरले आहे. माझ्या लहानपणी ते धरण नव्हते. यात्रेकरू संगमात स्नान करीत, भक्तिभावाने नाणी सोडीत. आणि त्या गर्दीत कोणाची अंगठी, कोणाचा तांब्या हातून निसटून जाई. मग हाक पडे ती एका वृद्ध पाणबुड्याला.

त्याच्यापाशी ना हवेची नळकांडी होती, ना काचेचा मुखवटा. एका टोकाला जड दगड बांधलेला दोर आणि छातीत भरून घेतलेला श्वास, एवढेच त्याचे साहित्य. दगडाच्या भाराने तो झरकन तळ गाठी. पाण्याखाली 10 मीटर गेले की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या दुप्पट होतो. कानात कळा येतात. त्यातच खानदेशच्या काळ्या मातीचा गाळ ढवळला की तळाशी अंधारच. म्हणून तो डोळे मिटूनच शोध घेई. "पाण्यात बोटांनी पाहायचं असतं, पोरा," असे तो मला सांगे. देवाला वाहिलेल्या नाण्यांना तो कधी हात लावीत नसे. "दिलेलं ते नदीचं, हातून पडलेलं ते माणसाचं," हा त्याचा कायदा होता.

एका महाशिवरात्रीला एका म्हातारीच्या हातातील सोन्याची पाटली डोहात पडली. वर्षानुवर्षे कापूस वेचून जमवलेल्या पैशांतून तिने ती घडवली होती. नातीच्या लग्नात ती मोडायची, असा तिचा बेत होता. पाणबुड्याने पाच बुड्या मारल्या. सहाव्या बुडीनंतर तो वर आला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "बोटाला लागली! कपारीत आहे. दगड तिथंच ठेवलाय," तो धापा टाकीत म्हणाला. दोराचे दुसरे टोक त्याच्या हातात होते. आता एक श्वास, आणि पाटली वर!

इतक्यात खालच्या अंगाला आरडाओरडा झाला. एक मुलगा धारेत सापडला होता. पाणबुड्याने क्षणभरही विचार केला नाही. हातातला दोर सोडून तो धारेकडे झेपावला आणि मुलाला ओढीत त्याने काठावर आणले. पोटातले पाणी निघाले, मुलगा रडू लागला, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला.

दोर मात्र बुडाला होता. पाणबुडा पुन्हा डोहात उतरला. पण ती कपार हाताला लागेना. पुढे तीन दिवस तो शोधत राहिला. पाटली सापडली नाही. म्हातारीने थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाला आपले घोंगडे पांघरले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. चौथ्या दिवशी ती पाणबुड्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली आणि म्हणाली, "आता पुरे कर, भाऊ. पाटली तापीमाईपाशी आहे. पोर त्याच्या आईपाशी आहे."

पुढे मी मोठा झालो, तेव्हा गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी झालेल्या शोधाविषयी वाचले. सुमारे चार शतकांपूर्वी तेथे एक पोर्तुगीज जहाज बुडाले होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना त्याच्या अवशेषांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. असे संशोधक सापडलेली वस्तू लगेच उचलीत नाहीत. ती कोठे आणि कशी पडली होती, याची आधी नोंद करतात. फुटक्या भांड्याचा तुकडादेखील जहाज कोठून आले ते सांगतो, म्हणून त्यांना तो सोन्याइतकाच मोलाचा वाटतो.

आमच्या पाणबुड्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तळाशी पडलेल्या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी माणूस असतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. आजही पुराच्या दिवसांत तापीकाठी कोणी बुडाले, तर पहिली हाक पट्टीच्या पोहणाऱ्या गावकऱ्यांनाच जाते. हाक ऐकताच ते हातातले काम टाकून धावतात.